नव्या कोळशाच्या स्मोकरवर मटण काळे आणि कडवट का होते?

सोलापुरातील घराच्या गच्चीवर नुकताच आणलेला उभा कोळशाचा स्मोकर (मंद आचेवर धुरात मांस शिजवण्याचे बंद उपकरण), त्यावर पहिल्यांदा लावलेली कोंबडी बाहेरून काळी पडून जिभेवर कडवटपणा राहिला, आणि पुढच्या वेळी मटणाचा खांदा लावला तेव्हा तापमान १८० अंशांवर गेले. ते उतरवण्यासाठी तुम्ही सगळ्या झडपा बंद केल्या, त्यानंतर मांसाच्या आतले तापमान ६८ अंशांवर तासन्‌तास अडकून बसले आणि शेवटी ते मटण कुकरमध्ये शिजवावे लागले. एवढे सांगून तुम्ही विचारले आहे की लाकूड चुकले, मसाला चुकला की स्मोकरच सदोष आहे. तुमच्या वर्णनावरून मला तिन्हींत दोष दिसत नाही. कडवटपणा, भडकलेले तापमान आणि काळा थर या तिन्ही तक्रारींचे मूळ आगीत आहे, आणि आग सांभाळता आली की बाकीचे बहुतेक आपोआप जागेवर येते. ६८ अंशांचे अडकणे हा मात्र वेगळा विषय आहे. तो दोष नसून मांसाचा स्वभाव आहे, त्याविषयी पुढे लिहितो. येथे सर्व तापमाने सेल्सिअसमध्ये दिली आहेत.

आपल्याकडे धुरी देण्याची पद्धत घरोघर माहीत आहे. पातेल्यात वाटी ठेवून, तीत लाल निखारा घालून, वर तूप सोडून झाकण लावायचे आणि पाच-दहा मिनिटांत ते काढायचे. तेथे दाट धूर चालतो, कारण पदार्थ त्या धुरात फार वेळ राहत नाही. स्मोकरमध्ये मांस पाच-सहा तास धुरात असते, त्यामुळे तोच दाट धूर त्यावर थरावर थर चढवत जातो. लाकडाला पुरेशी हवा मिळाली नाही की ते अर्धवट जळते आणि पांढरा, करडा किंवा पिवळसर धूर सोडते. त्यातील डांबरासारखे चिकट घटक थंड, ओलसर मांसावर बसतात आणि तोच तुम्हाला जाणवलेला कडवटपणा. हवा पुरेशी असेल तर लिग्निन या लाकडातील घटकाच्या विघटनातून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही सुगंधी द्रव्ये तयार होतात आणि धुराला हवीहवीशी चव येते. वरच्या झडपेवर नजर ठेवण्याची सवय लावून घ्या. चांगला धूर जेमतेम दिसतो. मागे गडद भिंत असेल तर त्यात निळसर झाक जाणवते आणि झडपेच्या वर नुसती हवा थरथरताना दिसते. हात फिरवून वास घेतला तर तो गोडसर असावा, घशात खवखव होऊ नये. धूर दिसत नाही म्हणून लाकूड वाढवत जाणे ही नव्या माणसाची सर्वांत स्वाभाविक ओढ असते आणि तिला सर्वांत कटाक्षाने आवर घालावा लागतो.

आता हवेचे गणित. स्मोकरला खालच्या बाजूला हवा आत घेणाऱ्या झडपा असतात आणि झाकणावर धूर बाहेर सोडणारी झडप असते. वरची झडप पूर्ण उघडी ठेवायची आणि मांस आत असेपर्यंत तिला हात लावायचा नाही. तापमानाचे सर्व नियंत्रण खालच्या झडपांनी करायचे. तुम्ही तापमान उतरवण्यासाठी दोन्हीकडची हवा बंद केलीत, तेव्हा लाल निखारे एकाएकी गुदमरले आणि तयार झालेला वाईट धूर बाहेर पडायला वाट न मिळाल्याने मांसाभोवतीच कोंडून राहिला. तापमान वर गेल्यावर ते उतरवणे फार अवघड असते, म्हणून त्याला वाटेतच गाठावे लागते. लक्ष्य १२० अंश असेल तर काटा ९५ ते १०० अंशांवर येताच खालच्या झडपा अर्ध्यावर आणाव्यात, आणि ११० अंशांवर त्या पाव भागाइतक्या उघड्या ठेवून पंधरा मिनिटे वाट पाहावी. प्रत्येक बदलाचा परिणाम दिसायला तेवढा वेळ लागतोच. दर दोन मिनिटांनी झडप हलवणारा माणूस दिवसभर काट्याच्या मागे धावत राहतो. झाकण उघडून तापमान उतरेल असे वाटते, पण त्या क्षणी निखाऱ्यांना भरपूर हवा मिळते आणि झाकण लावल्यावर थोड्याच वेळात काटा आधीपेक्षा वर जातो.

आग मुळात लहान लावली तर हा झगडा टळतो. तुम्ही बहुधा संपूर्ण टोपलीभर कोळसा एकदम पेटवून घेतला असावा, कारण शेगडीवर भाजताना आपण तसेच करतो. येथे टोपलीत न पेटलेला कोळसा भरून मध्यभागी खळगा करावा आणि त्यात केवळ दहा-बारा पूर्ण लाल झालेले निखारे ठेवावेत. ते शेजारच्या कोळशाला हळूहळू पेटवत जातात आणि एका भरण्यात सहा-सात तास स्थिर उष्णता मिळते. अमेरिकेत ही रीत जिम मिनियन यांच्या नावाने ओळखली जाते. लाकडाचे तुकडे या न पेटलेल्या कोळशात अंतराअंतरावर पुरून ठेवले की आग पुढे सरकेल तसा एकेक तुकडा पेट घेतो. निखारे पेटवण्यासाठी रॉकेल वापरू नये. त्याचा वास मांसात उतरतो आणि जात नाही. पत्र्याच्या डब्याला खाली भोके पाडून, तळाशी कागद पेटवून त्यात कोळसा लाल करून घेणे हा सोपा आणि स्वच्छ मार्ग आहे.

कोळशाच्या बाबतीत सोलापूरकरांची सोय चांगली आहे. आपल्या भागात वेड्या बाभळीचा कोळसा सहज मिळतो. तो जड असतो, बराच वेळ टिकतो आणि त्याची आच चांगली लागते. मात्र पोत्यात सगळे तुकडे सारखे नसतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहावेत: पूर्ण जळलेला कोळसा खणखणीत वाजतो आणि तुटला की आत काळा चकचकीत दिसतो, तर कच्चा राहिलेला तुकडा बद्द आवाज करतो, हाताला जड लागतो आणि तुटल्यावर आत तपकिरी लाकूड दिसते. असा तुकडा स्मोकरमध्ये गेला की तासभर पिवळसर धूर देत राहतो आणि लोक त्याचा दोष मसाल्याला देतात. कच्चे तुकडे बाजूला काढून भाकरीच्या चुलीसाठी वापरावेत. पोत्याच्या तळाची पूडही टोपलीत घालू नये, कारण ती हवेच्या वाटा बुजवते. मृगाच्या पावसानंतर कोळसा हवेतील ओल धरतो, म्हणून पोते जमिनीला टेकवून न ठेवता झाकणाच्या पिंपात ठेवलेले बरे. दगडी कोळसा अन्नासाठी कधीही वापरू नये. त्यात गंधक असते आणि त्याचा धूर पोटात जाण्याजोगा नसतो.

लाकडाचा विषय मला मनापासून आवडतो, कारण येथे आपल्याला बाहेरून काही मागवण्याची गरज पडत नाही. परदेशी पुस्तके हिकरी, सफरचंद आणि ओक यांची नावे घेतात. आपल्याकडे पेरू, आंबा, बोर आणि चिंच आहे. पेरूचे लाकूड कोंबडीला आणि माशाला उत्तम, आंब्याचे मटणाला. चिंचेचे लाकूड जड असल्याने बराच वेळ जळते, पण त्याचा धूर तीव्र असतो, म्हणून एखादाच तुकडा पुरे. डाळिंबाचे नाव तुम्ही विचारलेच आहे. सोलापूरचे डाळिंब भौगोलिक मानांकन मिळवलेले आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागांत छाटणीनंतर बांधावर काटक्यांचे ढीग पडलेले असतात. डाळिंबाचा धूर सौम्य आणि खरोखर सुंदर असतो. पण तेल्या या डाळिंबाच्या रोगामुळे या बागांवर बोर्डो मिश्रणासह (मोरचूद आणि चुना) बऱ्याच फवारण्या होतात, म्हणून छाटणीच्या बारीक काटक्या मी अजिबात वापरत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याने बाग काढली असेल तर मनगटाएवढी जाड खोडे मिळतात. त्यांची साल पूर्ण तासून, सावलीत किमान सहा महिने वाळवून मगच ती वापरावीत, आणि फवारणीची माहिती मिळत नसेल तर ते लाकूड सोडून द्यावे. कडुनिंब, निलगिरी आणि कोणतेही चिकाचे झाड टाळावे. कण्हेर तर विषारी आहे. तिची काटकी ढिगात चुकूनही येऊ देऊ नये. रंग दिलेले फर्निचर आणि प्लायवूड यांबद्दलही तेच. लाकूड पाण्यात भिजवून वापरण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो, पण त्याने पाणी उडेपर्यंत केवळ वाफ मिळते आणि आग थंडावते. मुठीएवढे, पूर्ण वाळलेले तीन-चार तुकडे एका खांद्याला पुरतात.

नवा स्मोकर पहिल्या काही वेळा जास्त तापतो, हेही लक्षात घ्यावे. त्याचे सांधे अजून बसलेले नसतात, फटींतून जादा हवा आत जाते आणि आतला पत्रा चकचकीत असल्याने उष्णता परतवतो. काही वापरांनंतर काजळी आणि चरबीचा पातळ थर फटी बुजवतो आणि तोच स्मोकर शांतपणे चालू लागतो. तुम्ही सुरुवातीला रिकामा स्मोकर तापवला होता की नाही हे लिहिलेले नाही. नसेल तर आता आतून खाद्यतेलाचा हलका हात फिरवून, मांस न लावता दोन-तीन तास चांगल्या आचेवर तो चालवावा. कारखान्यातून लागून आलेले तेल आणि वास जळून जातो. त्याच वेळी झडपांचा सरावही करून घ्यावा, कारण मांसाची चिंता नसताना हात लवकर शिकतो.

झाकणावरच्या काट्यावर विसंबू नका. तो झाकणाच्या टोकाची हवा मोजतो, आणि मांस असते त्या जाळीवरचे तापमान त्याहून बरेच वेगळे असू शकते. एक टोचणी जाळीजवळ आणि दुसरी मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकता, असा दोन टोचण्यांचा डिजिटल थर्मामीटर हा या सगळ्यातील सर्वांत उपयोगी खर्च आहे. तो तपासण्याची रीत सोपी आहे: बर्फ कुटून भरलेल्या पाण्यात त्याने शून्य दाखवले पाहिजे, आणि उकळत्या पाण्यात सोलापुरात सुमारे ९८.५ अंश, कारण आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहोत. येथे १०० दिसत असेल तर तेवढा फरक धरून चालावे.

आता मटण. पुस्तकांतील बहुतेक कृती डुकराच्या खांद्यासाठी लिहिलेल्या असतात, ज्याच्या स्नायूंमध्ये चरबी भरपूर असते. आपला बोकड, विशेषतः या भागातला उस्मानाबादी, अंगाने कोरडा असतो. चरबी असते ती पोटात आणि मूत्रपिंडाभोवती, मांसाच्या धाग्यांत फार कमी. म्हणून ती कृती जशीच्या तशी उचलली तर मटण चिवट किंवा भुसभुशीत होते. मागच्या रानापेक्षा, म्हणजे मांडीपेक्षा, पुढचा फरा, म्हणजे खांदा, घ्यावा, कारण त्यात सांधे आणि संयोजी ऊती जास्त असतात आणि त्यांतील कोलॅजेन हे चिवट प्रथिनच विरघळून मटणाला ओलावा देते. खाटकाला आधीच बजावून ठेवा की दीड-दोन किलोचा फरा अख्खा हवा आहे. नाहीतर सवयीने सत्तूर चालतो आणि क्षणात तुकडे होतात. त्याच्याकडूनच पोटातील चरबीचा जाळीदार पडदाही मागून घ्या आणि फऱ्यावर पांघरा. तो हळूहळू विरघळत मांसाला तुपाळ ठेवतो. सांगोला-मंगळवेढ्याकडची मेंढी मिळत असेल तर पहिल्या प्रयत्नासाठी मी तिलाच पसंती देईन, कारण तिच्या मांसात चरबी जास्त असते आणि ती नवख्या हाताच्या चुका झाकते.

आदल्या रात्री किलोला बारा ते पंधरा ग्रॅम मीठ चोळून फरा फ्रिजमध्ये उघडा ठेवावा. सकाळी त्याचा पृष्ठभाग हाताला किंचित चिकट लागतो आणि धूर त्यावर नीट धरतो. कांदा-खोबऱ्याचे ओले वाटण या टप्प्यावर लावू नये. ते सुकून काळे पडते आणि धुराला मांसापर्यंत पोहोचू देत नाही. कोंबडीला तुम्ही ते लावले असेल, तर तिच्यावरच्या काळ्या थरात आगीबरोबर त्याचाही थोडा वाटा असावा. मीठ, मिरी, थोडे काळे तिखट आणि तेलाचा पातळ हात एवढे पुरते. मांस आत जाते ते धूर निळसर झाल्यावरच, त्याआधी नाही. निखारे आणि मांस यांच्या मधले पाण्याचे भांडे भरून ठेवावे. ते तापमानाची उसळी शोषून घेते, आत ओलावा ठेवते आणि चरबी निखाऱ्यांवर पडून भडका उडू देत नाही.

१२० अंशांवर पहिले दोन-अडीच तास आतले तापमान भराभर चढते आणि ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कोठेतरी थांबते. तुम्ही ६८ वर घाबरलात ते येथेच. या वेळी टॉर्च मारून फऱ्याकडे पाहिले तर त्याच्या अंगावर ओलसर चमक आणि बारीक थेंब दिसतील. आतले पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होत असते आणि ती वाफ होताना जेवढी उष्णता नेते, तेवढीच निखारे देत असतात. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने येथे मांस तापत नाही. आग वाढवून हा टप्पा रेटला तर बाहेरचा भाग वाळतो. थांबले तर तो आपोआप ओलांडला जातो, पण बोकडासारख्या कोरड्या मांसाच्या बाबतीत मी थांबत नाही. पृष्ठभाग गडद तांबूस-तपकिरी झाला आणि नखाने खरवडल्यावर थर निघत नसला की फरा दुहेरी फॉइलमध्ये गुंडाळावा आणि त्यात हाडांचा अर्धी वाटी अळणी रस्सा व चमचाभर काळा मसाला घालावा. धुराचे काम तोपर्यंत झालेले असते, आणि मसाल्याची चव या बंद वाफेत फार चांगली उतरते. पुढे ९२ ते ९५ अंशांपर्यंत जाऊ द्यावे. खरी खूण मात्र हाताला कळते: थर्मामीटरची टोचणी लोण्यात शिरल्यासारखी अडथळ्याविना आत जाते आणि खांद्याचे चपटे हाड धरून पिळले की मांसातून सैल फिरते. एकंदर पाच ते सात तास धरावेत, आणि पाहुण्यांना सांगितलेल्या वेळेच्या दोन तास आधीचा हिशेब ठेवावा. फॉइलसकट टॉवेलात गुंडाळून डब्यात ठेवलेले मटण तेवढा वेळ गरम राहते आणि तेवढ्यात रसही आत मुरतो. कडक भाकरी फॉइलमधल्या रसात कुस्करून त्यावर हे मटण वाढले की वेगळ्या रश्शाची गरज पडत नाही.

कापल्यावर पृष्ठभागाखाली गुलाबी कडा दिसेल. धुरातील नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातील मायोग्लोबिन या लाल रंगाच्या प्रथिनाशी जोडले गेल्याने ती येते, मटण कच्चे राहिल्याने नव्हे.

कोंबडीला हा धीर लागत नाही. तिच्यात विरघळवायला कोलॅजेन थोडे असते, म्हणून १३५ ते १५० अंशांवर दीड-दोन तासांत, छातीत ७४ आणि मांडीत ८० अंश झाले की ती काढावी. दुकानात सहसा सोलूनच देतात. कातडीसकट मागून घ्या, नाहीतर बाहेरचा भाग चामड्यासारखा होतो. गावठी कोंबडी रश्श्यासाठीच ठेवावी. उजनीची चिलापी मिळाली तर पोट साफ करून, अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवून, नीट पुसून, पेरूच्या एका तुकड्यावर तासाभरात होते. आत ६३ अंश पुरेसे.

आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, गच्चीची फरशी तापलेली असते आणि उन्हातला पत्रा स्वतःच आगीत भर घालतो. त्या दिवसांत पहाटे सुरुवात करावी, सावली करावी आणि पेटते निखारे सहा-सातच ठेवावेत. वाऱ्याची दिशा पाहून त्या बाजूची खालची झडप बंद ठेवावी. खाटकाकडून आणलेले मांस त्या उन्हात ताटकळत ठेवू नये, आणि उरलेले मटण तासाभरात फ्रिजमध्ये गेले पाहिजे. अशा धुराने मटण टिकाऊ होते हा समज चुकीचा आहे. पाऊस आला म्हणून स्मोकर जिन्याच्या खोलीत किंवा बंद बाल्कनीत कधीही नेऊ नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि निखारे विझल्यासारखे दिसत असतानाही तो निघत राहतो.

काम संपल्यावर मात्र वरच्या आणि खालच्या सर्व झडपा बंद कराव्यात. हवेअभावी आग विझते आणि बराच कोळसा शिल्लक राहतो. राख दुसऱ्या दिवशी, पूर्ण गार झाल्यावरच काढावी, आणि पावसाळ्यात तर ती आत राहूच देऊ नये, कारण ओल धरलेली राख तळाचा पत्रा खाते. उरलेला कोळसा चाळून पुढच्या वेळी टोपलीच्या तळाशी घालावा आणि नवा त्याच्यावर.